सातजणांची ओळ

इतर ओळींत दोन दगडांच्या मध्ये हातभर जागा आहे. त्या जागेत गुलाबाचं झुडूप, लव्हेंडरचा गड्डा, कसलीतरी बारीक निळी फुलं. या ओळीत मात्र सात दगड कडेला कड भिडवून उभे आहेत. मधल्या फटीत नखही जाणार नाही. मी गुडघ्यांवर बसून तारखा वाचते. सातही दगडांवर तारीख एकच. मग वयं वाचते. एकवीस, एकोणीस, तेवीस, वीस, तेहेतीस, बावीस, पुन्हा एकोणीस. पाच दगडांवर ब्रिटिश हवाई दलाचा गरुड आणि वर मुकुट, एकावर कॅनडाचं चिन्ह, एकावर ऑस्ट्रेलियाचं. नावाखाली प्रत्येकाचं काम कोरलेलं : पायलट, नेव्हिगेटर, फ्लाइट इंजिनिअर, वायरलेस ऑपरेटर, एअर गनर.

विमान पेटत जमिनीवर आदळलं आणि आतली माणसं एकमेकांपासून वेगळी ओळखता आली नाहीत, की त्यांना एकत्र पुरत आणि दगड असे जोडून लावत. कुठल्या दगडाखाली कोण, हे सांगता येत नाही. नावं वेगळी, जागा सगळ्यांची मिळून एक.

हे ड्युर्नबाख. म्युनिकच्या दक्षिणेला, टेगर्नझे तळ्याच्या अलीकडे, बव्हेरियातल्या कुरणांच्या मधोमध. ग्मुंड स्टेशनवर उतरून मी चालत आले आहे. कुंपणापलीकडे ४७२ क्रमांकाचा हमरस्ता आहे आणि मिसबाखकडे जाणाऱ्या गाड्या सतत घोंघावत जातायत. सप्टेंबर संपत आलाय. रात्री दव चांगलंच पडलंय, बूट आतपर्यंत ओले झालेत. दक्षिणेचा वारा सुटलाय, त्यामुळे आल्प्स इतके जवळ दिसतायत की एकेक सुळका मोजावा. या डोंगररांगेच्या कडेवर दुसऱ्या महायुद्धातले २,९३४ कॉमनवेल्थ सैनिक पुरलेले आहेत. त्यांतल्या ९३ जणांची ओळख पटलेली नाही. बहुतेक सगळे विमानदळाचे. बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग, ऑस्ट्रिया, हेसन, थुरिंगिया, या सगळ्या मुलुखावर पाडलेल्या विमानांतली ही पोरं.

पोरं म्हणते, कारण दुसरा शब्द सुचत नाही. ओळीमागून ओळ चालत जावं तर वीस, बावीस, एकोणीस याच आकड्यांची रांग लागते. मध्येच पस्तीस दिसलं की माणूस चमकतो. हे सगळे स्वेच्छेने आले होते. ब्रिटिश बाँबर कमांडमध्ये सक्तीने कुणालाही विमानात चढवत नसत. सुमारे १,२५,००० जणांनी त्या विमानांतून उड्डाणं केली आणि ५५,५७३ मेले. तीस मोहिमा पार पडल्या की एक फेरी पुरी होऊन विश्रांती मिळे. तिशीपर्यंत पोचणं हाच एक पराक्रम होता.

मी पुन्हा त्या सात दगडांपाशी येते. लँकेस्टर विमानात माणसं सातच असत. शेपटाच्या टोकाला काचेच्या घुमटीत रिअर गनर बसे, बाकी सहा जणांपासून लांब, उणे तीस-चाळीस अंशांच्या थंडीत, सात-आठ तास. घुमटी इतकी अडचणीची की पॅराशूटचं बोचकं आत मावत नसे. ते मागे विमानाच्या धडात टांगलेलं. विमान पेटलं तर आधी घुमटीचं दार उघडायचं, मागे वळून बोचकं घ्यायचं, छातीला अडकवायचं आणि मग उडी. पुढच्यांचंही काही सोपं नव्हतं. पुढे जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ झालेले फ्रीमन डायसन तेव्हा विशीतले होते आणि बाँबर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करत होते. पाडलेल्या हॅलिफॅक्स विमानांतून जितके लोक जिवंत सुटत, त्यापेक्षा लँकेस्टरमधून कितीतरी कमी सुटतात, हे त्यांच्या विभागाच्या लक्षात आलं. हॅलिफॅक्समधून चारातला एक वाचे, लँकेस्टरमधून सातातला जेमतेम एक. कारणांत एक कारण विमानाच्या पोटातलं सुटकेचं झाकण. हॅलिफॅक्सचं चोवीस इंच रुंद, लँकेस्टरचं बावीस. जाड कपडे, बूट, पॅराशूट घालून अंधारात, गरगरत खाली जाणाऱ्या विमानातून बाहेर पडायला दोन इंच कमी. ते झाकण रुंद करून घेण्यासाठी डायसन यांचे सहकारी झगडत राहिले, पण बदल होईपर्यंत युद्ध जवळजवळ संपलं होतं.

दोन इंच. मी अंगठा आणि तर्जनी फाकवून बघते. या मैदानातले किती दगड त्या दोन इंचांचे आहेत, याचा मला राग येतो. खराखुरा राग, ऐंशी वर्षांनंतरही.

पुढच्या भागात मार्च १९४४ ची अखेर पुनःपुन्हा दिसायला लागते. ही न्यूरेम्बर्गची रात्र, ३० आणि ३१ मार्चच्या मधली. ७९५ विमानं निघाली. आकाशात चंद्र होता, विमानांमागे पांढऱ्या वाफेच्या रेघा उमटत होत्या, आणि वाटेचा मोठा टप्पा अगदी सरळ आखलेला होता. जर्मन रात्रलढाऊ विमानांना शोधायची गरजच उरली नाही. ९५ विमानं परतली नाहीत. बाँबर कमांडच्या सगळ्या युद्धात एका रात्रीत इतकं नुकसान कधी झालं नाही. न्यूरेम्बर्ग शहराला त्या रात्री फारसा धक्काही लागला नाही. पाडलेल्या विमानांतली बरीचशी हेसन आणि थुरिंगियाच्या शेतांत, जंगलांत पडली.

पडली, आणि मग? इथे माळीकाम करणाऱ्या गृहस्थांशी बोलणं होतं ते यावरच. ते दगडांच्या बुडाशी हिरवळीची कड कापतायत, लांब दांड्याच्या अर्धगोल पात्याने, एकेक वीत पुढे सरकत. "ग्र्यूस गॉट" म्हणून झाल्यावर ते विचारतात, कुणी नातेवाईक आहे का तुमचं? नाही म्हटल्यावर जरा थांबतात आणि मग आपणहून सांगतात. त्यांच्या आजीच्या गावी चर्चच्या आवारात असे पाच जण होते. लाकडी क्रूस, त्यावर रंगाने लिहिलेलं. गावातल्या बायका आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायच्या तेव्हा कुणीतरी एक काडी तिकडेही ठेवायचं, उघडपणे नाही. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांचा ट्रक आला, त्यांनी उकरून नेले. "आजी म्हणायची, खड्डे बुजवले तरी गवत वेगळ्या रंगाचं यायचं." एवढं सांगून ते पुन्हा पात्यावर पाय देतात.

तो ट्रक ही एक मोठी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाचे सुमारे ४२,००० लोक बेपत्ता होते. त्यांना हुडकायला हवाई दलाने खास तुकड्या नेमल्या. दोन-तीन माणसं, एक जीप, एक दुभाषी. गावोगाव जायचं, पाद्र्याला विचारायचं, पोलिसपाटलाला विचारायचं, कबर उकरायची. ओळख पटवायची ती कशावरून? शर्टाच्या कॉलरवर धोब्याने घातलेल्या खुणेवरून. बुटाच्या मापावरून. अंगठीवरून, इंजिनावरच्या क्रमांकावरून, मशिनगनवरच्या क्रमांकावरून. धोब्याच्या खुणेवरून पत्ता लावत एखाद्या आईला निश्चित काय ते कळवायचं, हे काम त्या माणसांनी वर्षानुवर्षं केलं. मग सैन्याच्या कबर विभागाने त्या विखुरलेल्या जागांवरून मृतदेह इथे आणले.

मला इथे आपला श्रीकृष्ण वेलिणकर आठवतो. मुंबईचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदळात अधिकारी झालेल्या मोजक्या हिंदी तरुणांपैकी एक. जून १९१८ मध्ये फ्रान्सवर त्याचं विमान पडलं आणि जर्मनांच्या ताब्यात असतानाच तो गेला. पुरताना जर्मनांनी त्याचं नाव इतकं वेडंवाकडं नोंदवलं की हाच तो वेलिणकर, हे ठरायला युद्ध संपल्यावरही काही वर्षं गेली. तोपर्यंत मुंबईत त्याची आई पत्रांची वाट बघत होती. आज तो सोम प्रांतातल्या हांगार गावी आहे. ड्युर्नबाखशी त्याचा संबंध नाही. पण नाव परत मिळणं म्हणजे काय, हे मला त्याच्या आईमुळे कळतं.

दगड सगळे एका मापाचे, ८१ सेंटिमीटर उंच, ३८ रुंद. स्क्वाड्रन लीडर आणि सार्जंट शेजारी शेजारी, उंचीत केसाचाही फरक नाही. तळाशी घरच्यांना एक ओळ कोरता येई, साठेक अक्षरांत बसेल अशी. काहींनी बायबलमधलं वचन घेतलंय, काहींनी मुलाचं घरातलं लाडाचं नाव. एका दगडावर बायको आणि न पाहिलेली मुलगी यांचा उल्लेख आहे. तिथे मी बराच वेळ उभी राहते. न्यूझीलंडच्या मुलांचे दगड मात्र खाली कोरे. त्यांच्या सरकारने ठरवलं की कुणाच्याच दगडावर घरची ओळ नको, सगळे सारखे राहू देत. तत्त्व म्हणून ते बरोबर असेलही. पण त्या कोऱ्या जागेकडे बघताना मला ते पटत नाही. समुद्रापलीकडच्या आईला साठ अक्षरं द्यायला काय हरकत होती?

दारापाशी भिंतीतल्या कप्प्यात नोंदवही आहे. त्यातून मी पाच क्रमांक टिपून घेतलेत, आता ते शोधते. मार्च १९४५. बाकीच्या दगडांत आणि यांच्यात वरवर काही फरक नाही. नाव, काम, तारीख, वय. हे लोक विमानाबरोबर पडले नाहीत. २१४ स्क्वाड्रनच्या एका फ्लाइंग फोर्ट्रेस विमानाला गोळे लागले, तेव्हा पायलटने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. सगळे सुखरूप उतरले. तो स्वतः मात्र विमानातच राहिला, विमान तगलं आणि एकट्याने ते परत घेऊन गेला. माझी माणसं आता कैदेत तरी जिवंत असतील, असंच त्याला वाटलं असणार.

त्यांच्यापैकी सात जणांना पकडून फोर्त्सहाइमजवळच्या हुखेनफेल्ड गावात ठेवलं. फोर्त्सहाइमवर २३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी बाँब पडले होते. वीसेक मिनिटांत सतरा हजारांहून जास्त माणसं मेली, म्हणजे त्या शहरातल्या चार-पाचांतलं एक. राख अजून गार झाली नव्हती. १७ मार्चच्या रात्री नाझी पुढाऱ्यांच्या चिथावणीने जमाव आला, त्यात हिटलर यूथची पंधरा-सोळा वर्षांची मुलं होती. कैद्यांना ओढत चर्चच्या आवारात नेलं. तिघे निसटले. चौघांना तिथेच गोळ्या घातल्या. निसटलेल्यांपैकी एक दुसऱ्या दिवशी सापडला, त्यालाही मारलं. दोघं वाचले.

त्या गावाने पुढे सत्तेचाळीस वर्षं यावर अक्षर काढलं नाही. मग तिथे राहायला आलेल्या एका निवृत्त धर्मगुरूने विषय लावून धरला. गावात विरोध झाला, तरी १९९२ मध्ये चर्चच्या भिंतीवर पाच नावांची पाटी बसली. मारल्या गेलेल्यांपैकी एकाची विधवा त्या कार्यक्रमाला आली. नंतर वाचलेल्यांपैकी एक आला. आणि तो पायलट, ज्याला आपली माणसं कशी मेली हे इतक्या उशिरा कळलं, त्याने गावातल्या बालवाडीला लाकडी झुलता घोडा भेट दिला. घोड्याचं नाव ठेवलं 'होफनुंग', म्हणजे आशा.

पाचही दगडांवर यातलं काहीच नाही. नसावंच. पण माहीत असलेल्या माणसाने इथे येऊन ते आठवायला हवं, आणि त्याचबरोबर फोर्त्सहाइमही. मी ऑग्सबुर्ग पाहिलं आहे. तिथल्या नगरभवनातलं सोनेरी दालन बघून माणूस थक्क होतो, आणि मग कळतं की हे सगळं नव्याने उभारलेलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये एका रात्री जवळपास सहाशे विमानं आली, जुनं शहर जळालं. थंडी इतकी कडाक्याची की लेख नदी गोठलेली, आगीच्या बंबांच्या नळ्यांतही पाण्याचा बर्फ झालेला. सातशेच्या वर माणसं गेली, ऐंशी हजारांहून जास्त बेघर झाली. त्या रात्री जी एकवीस विमानं परतली नाहीत, त्यांतली माणसंही अशाच मैदानांतून आहेत. वीस वर्षांच्या मुलाने वरून कळ दाबली आणि वीस वर्षांचा मुलगा जळत खाली आला. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मनात धराव्या लागतात आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत. त्यांना गुन्हेगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जळालेल्या शहरांकडे बघून नुसतं वीर म्हणायलाही रेटत नाही.

एका दगडाखाली फ्लोसेनबुर्ग छळछावणीतून आणलेली राख आहे. किती माणसांची, ते ठाऊक नाही. कुणाची, तेही ठाऊक नाही.

आणि राखेची दुसरी जागा हिंदी विभागात. काही दगडांवर अरबी लिपीतली ओळ दिसायला लागते तेव्हा आपण तिथे पोचलो हे कळतं. इथे अखंड हिंदुस्थानच्या फौजेतल्या २३ शिपायांचं स्मारक आहे. युद्धकैदी म्हणून फ्रान्स आणि जर्मनीत ठिकठिकाणी मेलेले, आणि धर्माप्रमाणे अग्नी दिलेले. त्यांची थडगी नाहीत, नावं आहेत. हे वैमानिक नव्हेत, पायदळाची आणि इतर पलटणींची माणसं. लिबियाच्या वाळवंटात हजारो हिंदी सैनिक पकडले गेले, तिथून इटलीत, आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी त्यांना उत्तरेला हलवलं. पूर्व फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांचे बाँब पडले. दोस्तांच्याच बाँबनी कैदी मेले, आणि फुटलेल्या भिंतींतून शेकडो जण पळाले, चालत चालत स्वित्झर्लंड गाठलं.

मी बूट काढते. गवत बर्फासारखं गार आहे. नावं मोठ्याने वाचते, तेवीसच्या तेवीस, कारण इथे ती बरोबर उच्चारू शकेल असं माणूस रोज थोडंच येतं. साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. नुसते आकडे. इथे निदान नावं आहेत. चिता कुणी रचली असेल, लाकडं कुणी दिली असतील, मंत्र कुणी म्हटले असतील? छावणीतल्याच सोबत्यांनी, दुसरं कोण होतं!

मागून कुणीतरी "एक्सक्यूज मी" म्हणतं. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ, हातात पाण्याची बाटली, स्पंज, खांद्याला कॅमेरा. कॅनडाहून आलेत. ऊन अगदी समोरून पडतंय, अक्षरं उठत नाहीत, पाच मिनिटं मदत कराल का? मी बूट घालून त्यांच्याबरोबर जाते. त्यांचे मामा वायरलेस ऑपरेटर होते. जुलै १९४४, श्टुटगार्ट. त्या महिन्याच्या २८ तारखेच्या एका रात्रीत तिथे ३९ लँकेस्टर गेली होती, त्यांतलंच एक. ते स्पंजाने दगड ओला करतात. ओला झाला की खोदलेली अक्षरं गडद होतात. मी त्यांचं जॅकेट दोन्ही हातांनी ताणून उन्हाला आडवं धरते. ते फोटो काढतात, मागे होऊन परत काढतात, वहीत टिपून घेतात.

तिसऱ्या दगडाशी मी विचारते, यांतले मामा कोणते?

"पुढे आहेत. आधी ही माणसं." पायलटच्या घरचे सापडलेत, ते सांगतात, यॉर्कशायरला पुतणी आहे. बाँब एमरचा नातू ऑस्ट्रेलियात. फ्लाइट इंजिनिअरचं कुणीच मिळत नाही, भाऊ नव्हता, बहीण नव्हती. त्याचा फोटो ते स्वतःजवळ ठेवणार आहेत. प्रत्येकाला त्याच्या माणसाचा एकच फोटो पाठवायचा नाही, सगळ्यांना सातही पाठवायचे.

मामांचा दगड येतो. ते तो ओला करतात, हात पुसतात, आणि कॅमेरा माझ्याकडे देतात. "मी शेजारी उभा राहतो, तुम्ही काढा." मी डोळ्याला कॅमेरा लावते. ते ताठ उभे राहतात, मग एकाएकी हात वर करून मला थांबवतात.

"थांबा. रिअर गनर राहिलाय. तो या ओळीत नाही, नंतर सापडला, लांब. आधी त्याला शोधू या." खिशातला कागद उलगडून ते क्रमांक वाचतात आणि आम्ही दोघं दगड मोजत वरच्या अंगाला चालायला लागतो.